खोक्यातून आलेला पलंग

माझा संताप अजून गेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मंग कोणी म्हणू नका की विमलाबाई तिखट बोलून राहिली.

अंजनाबाई अन् हरिदासभाऊ माझे शेजारी. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या गल्लीत आमची भिंतीले भिंत लागून. हरिदासभाऊ रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले, पण हाताले चैन नाही. कोणाचा नळ गळो, कोणाचं दार लटको, हे हजर. अन् त्यायनं एकदा नट आवळला की तो कोणाच्या बापाले उघडत नाही. मालगाडीचे नट चोर काढून नेतात, म्हणून तिकडे नट कसला की बोल्टाचं टोक हातोडीनं ठोकून चपटं करतात. तीच सवय घरात. माझ्या मोरीच्या दाराले त्यायनं अशी कडी बसवून दिली की आता दार बदलायचं म्हटलं तर चौकटीसकट काढावं लागते.

अंजनाबाईले एकच ध्यास. लेकानं आपल्या घरात राहावं, एक रात्र तरी. लेक म्हणजे अश्विन, बंगलोरले मोठ्या कंपनीत. मागच्या उन्हाळ्यात बायको-पोरीले घेऊन आला, पोटभर जेवला, पोरीले आजीच्या मांडीवर बसवून फोटो काढले, अन् दिवस बुडायच्या आत शंकर नगरच्या हॉटेलात निघून गेला. "यहाँ सोएँगे कहाँ, मम्मी?" म्हणे. बाईनं गाद्या उन्हात घालून ठेवल्या होत्या. तो गेला अन् माझ्याकडे येऊन रडली.

यंदा त्याचा फोन आला. "मम्मी, एक पलंग मँगवाया है, आपके पते पे आएगा. रखवा लेना. मैं अगले हफ्ते आ रहा हूँ."

फोन ठेवला अन् बाई धावतच माझ्याकडे. "विमलाबाई, पोट्ट्यानं पलंग पाठवला वो! आता राहील तो!" मलेही आनंद झाला. कोणाले नाही होणार?

खोकी आली. उघडून पाहतो तर पलंग कुठे? नुसत्या फळ्या, स्क्रूच्या पुड्या अन् चित्रांचा एक कागद. अंजनाबाईनं चष्मा लावला. "हा आपणच जोडाचा असते, अश्विनचे बाबा."

हरिदासभाऊनं ते बारके स्क्रू तळहातावर घेऊन पाहिले. "हे काय? हे तर पोरायच्या खेळण्याले लावतात."

"अहो, पण चित्रात तेच दाखवलं आहे."

"चित्र काढणाऱ्याले याच्यावर झोपाचं नाही. माह्या पोराले झोपाचं आहे."

झालं. पेटीतून ड्रिल निघाली, लांब लोखंडी बोल्ट निघाले. ती पाठ लावून फळी धरे, हे भोक पाडत. "सरळ धर न!" "सरळच हाय, तुमचीच नजर वाकडी." दिवसभर भिंतीपलीकडून मले हेच ऐकू येऊन राहिलं होतं. मी चहा घेऊन गेली तर उशाकडची फळी उलटी लागलेली, अन् बोल्ट ठोकूनही झालेले. "मी सांगून राहिली होती, काहून ऐकत नाही तुम्ही?" बाई चिडली. भाऊ गपचूप आरी घेऊन बसले, बोल्ट कापले. त्याच्यानंतर मात्र हरेक फळी आधी तिले दाखवत, "पाय बरं चित्रात, अशीच न?" मंगच भोक पाडत. लग्नाले इतकी वर्षं झाली, पण मी त्यायले बायकोले असं काही विचारताना पहिल्यांदा पाहिलं.

पलंगानं सगळी खोली भरली. अंजनाबाईनं नवी चादर अंथरली अन् त्याच्यावर कोणाले टेकू दिलं नाही. "पहिले अश्विन," म्हणे.

अश्विन आला तो छोटा ट्रक अन् हमाल घेऊन. दारातच थबकला. "ये किसने खोला?"

"आम्ही दोघायनं जोडला," हरिदासभाऊ छाती काढून म्हणाले. "हत्ती झोपला तरी हलणार नाही."

"बाबा, ये मेरे फ्लैट का है. नवा रायपुर में लिया है न. किराएदार को फर्निश्ड चाहिए."

"कोणता फ्लॅट?" अंजनाबाईनं विचारलं.

"बताया नहीं था? सॉरी, रह गया होगा."

राहून गेलं म्हणे! घर घेतलं अन् मायबापाले सांगाचं राहून गेलं! माझ्या अंगाची आग आग झाली.

जोडलेला पलंग दारातून निघेना. हमालांनी पाना लावला, एकही नट हलला नाही. "कौन ऐसा करता है, बाबा!" अश्विन ओरडला अन् फोन कानाले लावून बाहेर निघून गेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईनं माझा हात दाबून धरला.

हरिदासभाऊनं आरी आणली. "धर," एवढंच म्हणाले. बाईनं चादर काढून घडी केली अन् फळी धरली. ते बोल्ट कापत गेले, ती फळ्या भिंतीले टेकवत गेली. या बारीले कोणी कोणाशी भांडलं नाही. हमाल कमरेवर हात ठेवून पाहत होते. अश्विननं परत येऊन भोकं पाहिली अन् तोंड वाकडं केलं.

ट्रक भरला. तेव्हा अंजनाबाईनं हिंमत केली. "आता तुह्यं घर झालं न गावात. आता तरी येऊन राहशील?"

"वहाँ तो किराएदार रहेंगे, मम्मी."

"अन् तू आला तं?"

"होटल है न."

"हव," बाई म्हणाली. "मंग पुढच्या बारीले जेवण पण हॉटेलातच करून येजो, बाप्पा. माह्या घरी आता जो झोपेल, तोच जेवेल."

अश्विन हसला. त्याले वाटलं, माय गंमत करून राहिली. तो हसतच होता, अन् तिनं दार लावून घेतलं.