चौदा भोकांची चासी

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'वॉशर' म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. चाळीस वर्षं नळदुरुस्ती केलेल्या या माणसाचं मत असं, की जगातले सगळे नळ आणि निम्मी भांडणं वॉशर बदलला की मिटतात. एकदा हात लावलेल्या कामासाठी आपल्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही, हे ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. "तुमच्याकडे मोरीतला नळ ठिबकतो का?" एवढंच विचारलं. मी खरं बोललो. ते मला अजून नडतंय.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि धंदा बंद झाला. दारात उभी राहिली ती त्यांची सत्तावीस वर्षांची व्हॅन. माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, दहा वर्षं त्यांच्याच हाताखाली काम करत होती. तिला ती व्हॅन हवी होती. शिडी, पाइप आणि पान्यांची पेटी स्कूटरवरून नेणं ही सर्कस आहे, आणि आमच्या घरात तिकीट काढून बघायला फक्त मी होतो. शिवाय व्हॅन मिळणं म्हणजे धंदा मिळणं, आणि धंदा मिळणं म्हणजे 'तुला काम येतं' असं बाबांनी एकदाचं कबूल करणं, हे तिघांनाही ठाऊक होतं. सासरे नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "खालून गंज धरलाय. त्याचा बंदोबस्त करतो, मग चावी तुझी."

झालं, घोंगडं भिजत पडलं. पाच महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर गंज सोडून दुसरा विषय नव्हता. कोणतं कोटिंग चांगलं याचा शोध लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ऑफिसात बसतो आणि बसणाऱ्याला वेळ असतो अशी त्यांची समजूत आहे. ती खरी आहे. मी कागद छापून आणायचो, ते चष्मा लावून वाचायचे आणि वाचून झालं की त्यावर चहाचा कप ठेवायचे. शेवटी तीन प्रकार उरले. गंजावरच लावायचा कडक रंग, डांबरासारखं जाड काळं रबरी कोटिंग, आणि सांध्यासांध्यांत झिरपणारं मेणतेल.

गॅरेजवाला त्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "गाडी नवी असती तर काहीही लावा म्हटलं असतं. जुनीला मेणतेलच. ते गंजाच्या मागे आत शिरतं. जाड काळं लावलंत तर गंज त्याच्याखाली बसून निवांत जेवेल. फक्त दरवर्षी पुन्हा मारावं लागतं."

"दरवर्षी पुन्हा? मग हे काम झालं का वर्गणी?"

"आणि पहिले दोन-चार दिवस जरा गळतं."

गळतं! हा शब्द त्याने माझ्या सासऱ्यांसमोर काढायला नको होता. चर्चा तिथेच संपली आणि दुसऱ्या दिवशी काळ्या कोटिंगचे चार डबे घरी आले.

काम त्यांनी स्वतःच केलं. उभं राहायला गुडघे लागतात, आडवं व्हायला लागत नाहीत. पुठ्ठा अंथरून ते रोज गाडीखाली सरकायचे, तारेच्या ब्रशने चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, लोखंड घासायचे, आणि मी बाहेर उकिडवा बसून चिंध्या पुरवायचो. एके दिवशी आतून आवाज आला, "जावईबापू, कारखानेवाल्यांची कामं बघा! चासीच्या दोन्ही दांड्या पोकळ, आणि त्यांना खालून भोकं. सात इकडे, सात तिकडे. चौदा भोकं उघडी सोडून गाडी विकली!"

मी वाकून पाहिलं. होती खरी भोकं. उंटावरून शेळ्या हाकायला मी तयारच असतो. मी म्हटलं, "बुजवायची राहून गेली असतील."

चौदाही भोकांत रबरी बुचं बसली. त्यांवर नळाच्या जोडांना लावायची पुटी, त्यावर काळ्या कोटिंगचे दोन हात. थेंब आत जायची सोय उरली नाही. पासिंगला, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीला, गाडी नेली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून ती काळी चकाकी बघितली आणि शिक्का मारला. सासऱ्यांनी माझ्या बायकोच्या हातावर चावी ठेवली. शाबासकी नाही, काही नाही. त्यानंतर ती रोज कामावरून आली की ते विचारायचे, "कुणाचं पुन्हा बोलावणं आलं का?"

"नाही, बाबा."

"येईल."

बोलावणं येत नव्हतं, आणि याचा त्यांना आनंद होता की राग, हे मला कधी कळलं नाही.

वर्ष झालं. पुढच्या पासिंगच्या आधी आम्ही तिघं गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. गॅरेजवाल्याने ती रॅम्पवर चढवली आणि हातोडीने खालून ठोकायला सुरुवात केली. उजवी दांडी टणटण वाजली. डावी थप वाजली. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला, आणि काढला तसं गढूळ लाल पाणी त्याच्या कोपरावरून वाहायला लागलं. बराच वेळ वाहिलं.

"पाणी वरून कुठूनही आत जातं," तो म्हणाला. "ते बाहेर पडावं म्हणून ही भोकं असतात. कुणी बुजवली?"

मी भिंतीवरचं टायरांचं पोस्टर वाचायला लागलो. मला माझी लाज वाटत होती आणि तरी मी वाचतच राहिलो.

"मी," सासरे म्हणाले. आवाज चढला नाही. मी त्यांना इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं.

गॅरेजवाला उजवीकडे सरकला. "मग ही कुणी उघडली? सातही बुचं नीट काढलीत, आतून मेणतेलही मारलंय. ज्याने केलं त्याने गाडी वाचवली. दोन्ही बाजू गेल्या असत्या तर सरळ भंगारात. एकच गेलीय, तेवढी कापून नवा पत्रा जोडतो. चार दिवस द्या, पासिंग होईल."

बायको पदपथाकडे बघत होती. "मी उघडली. चावी मिळाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. वळताना आत पाणी हिंदकळल्यासारखं वाजलं."

"ऐकू आलं तुला?" सासऱ्यांची मान वर झाली. "चालत्या गाडीत? इंजिनाच्या आवाजात?"

"आलं."

ते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "माझ्या कानांना नसतं आलं." चाळीस वर्षांत कुणाविषयी त्यांनी काढलेलं हे पहिलं बरं वाक्य होतं, आणि ते ऐकायला आम्हाला गंजक्या पाण्यात उभं राहावं लागलं होतं.

पण माणूस वॉशर तो वॉशर. अर्धवट काम त्यांना सहन होईना. "मग डावीकडची का ठेवलीस? एवढं कळलं होतं तर चौदाही काढायची होतीस. वर्ष होतं तुझ्या हातात."

"उजवीकडची झाली, तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात," ती म्हणाली. "गाडीखाली काय करतेस, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, तुमचं काम बघतेय, किती पक्कं केलंय. तुम्ही इतके खूश झालात, बाबा, की पुन्हा खाली जायचा मला धीरच झाला नाही."