गुडघ्याचं तेल

वडील कुपवाडला ट्रान्स्फॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात होते. जुना ट्रान्स्फॉर्मर उघडला की आतलं तेल काढायचं आणि त्यातलं बाटलीभर घरी न्यायचं, हा तिथल्या कामगारांचा रिवाज. एवढं मोठं धूड गार ठेवणारं तेल गुडघ्याची आग गार करणारच, असं वडील छातीठोकपणे सांगायचे. आमची गल्ली फुकट ते पौष्टिक मानणारी. रविवारी दारात रिकाम्या बाटल्या घेऊन बायका उभ्या राहायच्या, आणि वडिलांचा रुबाब डॉक्टरासारखा असायचा.

आईचे गुडघे हळदीच्या वखारीत उकिडवं बसून गेले होते. तीन-चार वर्षं रोज संध्याकाळी मीच तिला तेल चोळलं. हात फडक्याला पुसायचे आणि भाकरी थापायला बसायचं. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग आईच्या गालांवर, कानांमागं काळे फोड आले. जेवण तुटलं, डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी अंगाला काय लावता विचारलं, तेव्हा मी कौतुकानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ते तेल पुन्हा लावू नका, त्यातलं विष अंगात मुरलं की वर्षानुवर्षं जात नाही, म्हणाले. आजार त्यामुळंच झाला, असं मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. सोबत आलेले वडील वाटभर आमच्या पुढं चालत राहिले. घरी आल्यावर त्यांची समजूत आईनंच काढली.

"आवं, डाक्टरला काय ठावं? तुमच्या तेलानंच तर माजं पाय हललं."

दिवाळीच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी बाटली घेऊन आल्या. अशा वेळी मागू नये, पण गुडघा लय ठणकतोय, म्हणाल्या. दारामागं भरलेली बाटली होती. वडिलांनी तिकडं पाहिलं. आता सांगतील, असं मला वाटलं.

"संपलं, मावशी," ते म्हणाले. "आता कारखान्यात मिळंना."

"असूं दे. घरात आर्दी बाटली हाय. पुरवून पुरवून लावीन."

त्या भिंतीला धरून धरून घरी गेल्या. वडील खाली मान घालून बसून राहिले. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांनीच ते तेल दिलं होतं, मग कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांना मी कधी दोष दिला नाही. पीठ मळता मळता मी सगळं ऐकत होते, आणि मावशींचं घर आमच्यापासून दहा पावलांवर होतं.