तोंडातला गूळ आणि ग्रंथातला वणजारा

उत्तमसिंग माझे सासरे. गोरेगावजवळच्या तांड्यावर त्यांची हळद आणि सोयाबीन. तरुणपणी ते नांदेडला ट्रक चालवायचे. भाडं नसलं की गुरुद्वाऱ्यात लंगर जेवायचे आणि जेवणानंतर कथा ऐकत बसायचे. तिथं त्यांना ग्रंथसाहिबातला एक शब्द भेटला: वणजारा, म्हणजे आपला बंजारा. बैलांवर मीठ लादून हिंडलेल्या आमच्या वाडवडिलांचं नाव थेट गुरूंच्या तोंडी! तेव्हापासून हा माणूस शेतात कमी आणि या शब्दात जास्त राबला. ते समोरून येताना दिसले की तांड्यावरची माणसं वाट बदलतात. मला बदलता येईना, कारण मला त्यांची मुलगी शिला हवी होती.

आता माझी योग्यता. औंढ्याला पंपाच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, पस्तिशीला टेकलेलं वय आणि वयाच्या पुढं धावणारं पोट. दोन ठिकाणांहून नकार आलेला. एका मुलीनं तर म्हणे मला बघून, ‘नवरदेव कुठं बसलाय?’ असं विचारलं होतं.

आमच्यात सोयरीक गुळानं पक्की होते. तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, मुलीच्या बापाला विचारतात, बाप ‘दिली’ म्हणतो आणि मग गूळ वाटतात. ज्याच्या पोटात गूळ गेला तो सोयरा.

त्या दिवशी उत्तमसिंगांच्या दारच्या मांडवात पुनमचंद नाईकांनी विचारलं, “उत्तमसिंग, देतो का पोरगी?”

“देतो की. पण आपण कोण, हे आधी पाव्हण्यायला कळू द्या.”

बायकांमधून कण्हल्यासारखा आवाज आला. उत्तमसिंगांनी पटका सारखा केला.

“वणज म्हंजे व्यापार. मूळ वाणिज्य. आपला वाणी बी त्यातलाच. पण गुरू काही बैलवाल्यायलाच हाक मारून नाही राहिले. आईच्या पोटात आला तो हरेक जीव वणजारा. वरच्या सावकारानं भांडवल देऊन धाडलेला. त्याला गुरू मित्रा म्हणतात, अन् सांगतात, रात सरून राहिली…”

ऊन चढलं. मी सकाळपासून उपाशी आणि गुळाचं ताट नेमकं माझ्या गुडघ्याशी. हात कसा गेला ते मला विचारू नका. करंट कुठून येतो ते मला दुकानातही लवकर कळत नाही.

“अगं बाई!” शकुंतलाबाई, म्हणजे माझी होणारी सासू, ओरडल्या. “पाव्हण्यानं गूळ तोंडात टाकला!”

माझे वडील प्रेमदास यांनी कपाळाला हात लावला. नाईक पुढं सरकले.

“गिळला का?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“थुकू नको. थुकला तर पोरगी नाकारली. गिळू बी नको. बापानं अजून दिली न्हाई.”

सगळा तांडा माझ्या फुगलेल्या गालाकडं बघत होता. दाराआडून शिला म्हणाली, “बाबा, लवकर बोला! विरघळून राहिला तो!”

“मी अर्थ सांगून राहिलो अन् हा खाऊन राहिला!” उत्तमसिंग कडाडले. “काय कळलं ते सांग. बराबर सांगितलं तर दिली. न्हाई तर तुमची जीप उभीच हाय.”

लाळ सांडू नये म्हणून मी तोंड आभाळाकडं केलं आणि कसंबसं बोललो, “वणजारा म्हंजे मी, मामा. सावकारानं चांगलं भांडवल देऊन धाडला, अन् बाजार भरायच्या आत खाऊन बसला.”

मांडव हसला. उत्तमसिंग हसले नाहीत.

“इतकी वर्षं सांगून राहिलो,” ते नाईकांना म्हणाले. “समद्यायला वाटते, ग्रंथात आपल्या जातीची तारीफ हाय. सोताच्या अंगावर घेतलं ते ह्या एका खादाडानं.” मग त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. “दिली.”

“गिळ आता,” नाईक म्हणाले.

तोंडात काहीच उरलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि सगळ्यांना दिसेल असा मोठा घोट घेतला.