टोपल्यांखालच्या चाकोऱ्या

मी शेलूबाजारच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा त्या रस्त्याने दिवसाकाठी एखादीच मोटार जाई. एका बाजाराच्या सकाळी कारंज्याकडून आलेली मोटार गावाबाहेर एका छकड्यावर आदळली. छकडा कापडाच्या फेरीवाल्याचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा मुसलमान माणूस. दर बाजाराला नेमाने यायचा. त्याचा एक बैल जागीच मेला आणि त्याचा स्वतःचा पाय मोडला.

मी पोचलो तेव्हा लोक ड्रायव्हरला घेरून उभे होते. पोलीस मंगरूळपीरहून यायचे, म्हणजे दुपार टळणार. तोवर बाजाराच्या गाड्या धुळीतल्या खुणा पुसून टाकतील, हे मला सुचलं नाही. एका भाजीवालीला सुचलं.

"मास्तर, पाहून काय राह्यले? झाका ना ते!" म्हणत तिने वांगी लुगड्याच्या ओच्यात ओतली आणि रिकामी टोपली चाकोरीवर पालथी घातली. तिचं पाहून बाकीच्या बायांनीही टोपल्या दिल्या.

तोवर गावचे पाटील आले, त्यांनी मला मोजून लिहून ठेवायला सांगितलं. फीत नव्हती. मी धुळीत बसलो आणि एकेक टोपली उचलून कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताने मोजत गेलो. मोटारीची चाकं बावीस हात फरफटली होती. वेग भलताच असणार. पण छकड्याची चाकोरीसुद्धा हळूहळू डावी बाजू सोडून पार उजवीकडे गेली होती. तिथे माझी पेन्सिल थांबली.

फेरीवाल्याला लिंबाखाली बाजेवर निजवलं होतं. मी जवळ जाऊन हळूच विचारलं. तो म्हणाला, "मले डुलकी लागली होती, मास्तर. जे हाय ते लिवा."

पाटील भडकले. "काहून लिवता? बैल त्याचाच मेला, पाय त्याचाच मोडला!"

"लिवू द्या, पाटील," तो म्हणाला. "यक झूट निंगालं, का बाकीचं सच बी कोनी मानत नाही."

मी दोन्ही लिहिलं.

वाशीमच्या कोर्टात ड्रायव्हरच्या वकिलाने मला विचारलं, "बावीस हात म्हणजे कोणाचे हात?" लोक हसले. मी बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. कारकुनाने पट्टी लावली. साडेअठरा इंच भरला. मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझा कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "ज्याने जखमी माणसाची चूक लपवली नाही, त्याचं बाकीचं मोजमाप मी खरं धरतो." ड्रायव्हरला महिनाभराची कैद झाली. फेरीवाल्याला समज देऊन सोडलं.

चार-पाच महिन्यांनी तो पुन्हा बाजाराला आला, काठी टेकत. छकडा त्याचा भाऊ हाकत होता. मला पाहून त्याने सलाम केला आणि विचारलं, "मास्तर, शाळा कशी चालू हाय?" मी म्हणालो, बरी चालू आहे. मग त्याने गाठोडं सोडलं आणि गिऱ्हाइकाला खण दाखवू लागला.