आमच्या भिंतीवरील इसम

हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगू लागलो की तुम्हाला माझी दया येईल, आणि दया मला मुळीच सोसवत नाही! आयुष्यात मी एकच घर बांधले. त्या घरापायी माझी अशी काही शोभा झाली की, पुढे कितीतरी दिवस सांगलीच्या विश्रामबागेतून जाताना मी सायकलवरून मान वर केली नाही.

सत्तरनंतरची ती वर्षे. सांगलीत हळदीच्या एका पेढीवर मी दिवाणजी होतो. शाळा चौथीतच सुटली. पुढचे सारे शिक्षण मी वाचनालयाच्या बाकावर बसून, स्वतःचे स्वतः केले. त्यामुळे कोणतीही गोष्ट आधी वाचावी, पडताळावी आणि मगच करावी, हा माझा बाणा. पेढीवर तो शोभून दिसे. पण घर? घर म्हणजे काय असते, कल्पना आहे तुम्हाला? डोळा उघडल्यापासून प्रश्न! चूल कोणत्या भिंतीला? जिना आतून की बाहेरून? फरशी शहाबादी की कडाप्पा? दार आत उघडायचे की बाहेर?

शिदू गवंडी मूळचा कवठे महांकाळचा. हातात थापी घेऊन तो रोज समोर उभा राही.

"दिवाणजी, खिडकी कुटं ठिवू? काम आडलंय."

"विचार करून सांगतो."

"आवं, काल बी त्येच म्हनला. परवा बी त्येच!"

अहो, पण मला भीती वाटे! कागदावरची चूक खोडता येते. भिंतीतली चूक जन्मभर आपल्यासमोर उभी राहते. झोपेत मला जिने दिसत, आणि त्यांतला एकही जिना कुठे पोहोचत नसे.

सर्वांत मोठी धास्ती सिमेंटची. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे, आणि परमिट मिळता मिळता माणसाचे केस पांढरे होत. कचेरीचे उंबरे झिजवून मी स्लॅबपुरती पोती मिळवली आणि खालच्या खोलीत ताडपत्रीखाली रचून ठेवली. तोच वार्ता आली, मागच्या गल्लीतल्या एका बांधकामावरून पोती चोरीला गेली! आमची गेली असती तर? पावसाळा तोंडावर होता. स्लॅब न पडता पाऊस लागला असता, तर मी घर बांधले की हौद बांधला, हे लोकांना समजावून सांगावे लागले असते.

त्यात हळदीचा हंगाम. आठवडाभर मला बांधकामाकडे फिरकता आले नाही. अखेर स्लॅबच्या आदल्या दिवशी पेढीवरून सुटलो आणि सायकल दामटत विश्रामबागेत पोहोचलो. दिवेलागणीची वेळ. मजूर घरी गेलेले. राखणीला राहणाऱ्या शिदूचाही पत्ता नव्हता. मी मान वर केली आणि सायकल घट्ट धरली.

कोपऱ्याच्या भिंतीवर एक इसम उभा होता!

अंगात काळा कोट, डोक्यावर काळी टोपी, दोन्ही हात खाली सोडलेले. आणि पाहत कुठे होता? थेट सिमेंटच्या खोलीकडे!

मी शुद्ध शब्दांत विचारले, "कोण आहे तिकडे? या वास्तूवर आपले प्रयोजन काय?"

मी आवाज चढवला.

"आपण मौन बाळगल्यास ती गुन्ह्याची कबुली समजली जाईल!"

आणि तुम्हाला सांगतो, त्या इसमाने सावकाश मान हलवली. होकारार्थी!

असा निर्ढावलेला चोर मी कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता. मी सायकल तिथेच टाकली आणि शेजारच्या सुभेदारांच्या दाराशी धावलो. हे सुभेदार साताऱ्याकडचे. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी आमच्या शेजारी घर बांधले होते. माझी हाक ऐकताच ते काठी घेऊन बाहेर आले.

"कोन हाय? कुटं हाय? दावा निस्ता!"

मी बोटाने भिंत दाखवली. सुभेदारांनी डोळे बारीक केले. मग काठी खाली केली.

"चेष्टा करताय व्हय गरिबाची? आवं, ते तुमीच हाय की!"

"मी? मी तर येथे आहे!"

"सात दिस झालं बघतोय. रोज सकाळी तुमी भिंतीवर हुबं. मी रामराम घालतोय, तुमी वळख बी दावत न्हाई. मंडळींला म्हनलं, घर काय बांधाय काढलं, दिवाणजीला लय मस्ती आलीया!"

"सुभेदार, मी आठ दिवसांत इकडे आलेलोच नाही."

झाले! हे वाक्य मी बोलायला नको होते. सुभेदारांनी एकदा भिंतीवर पाहिले, एकदा माझ्याकडे. दोन पावले मागे सरकले. आणि काठी उचलली ती माझ्यावर!

"थम! दिवाणजी तर तिथं हाय. मग तू कोन?"

"सुभेदार, विवेक बाळगा..."

"बोलू नगंस! पाय दाव आदी. भुताचं पाय उलटं असत्यात."

आता काय करणार होतो? समोर काठी होती आणि काठीमागे सारी पलटण होती. भुतेखेते नसतात, या विषयावर वाचनालयात व्याख्यान दिलेला मी, भर रस्त्यात वहाणा काढून, धोतर वर धरून माझे पाय पुढे केले. सुभेदारांनी वाकून पाहिले. समाधान झाले नाही.

"फिरा बगू."

मी फिरलो. पुन्हा फिरलो. तेवढ्यात आडावरून पाण्याची बादली आणि कंदील घेऊन शिदू आला. सुभेदारांपुढे गिरक्या घेणारा मालक पाहून त्याने बादली खाली ठेवली.

"दिवाणजी, बरं हाय न्हवं?"

"शिदू, वर चोर आहे!"

शिदूने कंदील उंचावला. मग तोंडावर हात धरून तो मटकन खालीच बसला.

"आवं, बाहुलं हाय त्ये! घराला दिष्ट लागू नये म्हनून. वैनींनी बसवलंय. तुमचा जुना कोट, जुनी टोपी, मडक्याचं तोंड. मडकं जरा ढिलं बसलंय, म्हनून मान हालती."

दृष्टीचे बाहुले! याच बाहुल्याला मी सौभाग्यवतींना साफ नकार दिला होता. "या घरावर अंधश्रद्धेला थारा नाही," असे बजावलेही होते. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिले, बाहुल्याकडे पाहिले आणि म्हणाले, "उगं मनाला लावून घेऊ नका. त्येच्यात आन तुमच्यात फरक करनं अवघड हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबसाठी माणसे जमली. सौभाग्यवती नारळ घेऊन आल्या. त्यांना पाहताच मी सर्वांदेखत गरजलो, "ते बाहुले या क्षणी खाली उतरवा!"

शिदूने डोके खाजवले. "ऱ्हाऊ द्या की, दिवाणजी. लय उपेगाचं मानूस हाय. तुमास्नी कायबी इचारलं की, इचार करून सांगतो. हितं खिडकी आडली, जिना आडला. मग मी आन वैनी त्यालाच इचाराय लागलो. खिडकी हितं ठिवू का म्हनलं की वाऱ्यानं मान हालायची. मालक व्हय म्हनलं, की लागलो कामाला. आठ दिसात समदं उरकलं बगा!"

मी चौफेर पाहिले. खिडक्या बसल्या होत्या. जिना बाहेरून गेला होता. चूल पूर्वेला होती. माझ्या घराचे सारे निर्णय होऊन गेले होते!

"हे खरे आहे?" मी सौभाग्यवतींना विचारले.

त्यांनी पदर सावरला. "तुम्ही म्हणत असाल तर उतरवू. पण घरातल्या मोठ्या माणसाला न विचारता कसं उतरवायचं?" आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो!"

"ओ," मी म्हणालो.

"तुम्हाला नव्हे हो," त्या म्हणाल्या.