स्मॉल म्हण

साहेबांनी घंटी वाजवली आणि माझ्या आईला आत बोलावलं. हातातल्या झाडूसकट.

अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा निघाली होती. कुळगावच्या महारवाड्यात मॅट्रिक झालेला मी पहिला. आई याच कारखान्यातली ऑफिसं झाडायची. बाप खाणीत दरडीखाली गेलेला. घरात एक वेळचा भात, तोही पातळ. ही नोकरी नाही लागली तर बहिणीला वीटभट्टीवर धाडायचं ठरलं होतं. बारा वर्षांची होती.

मुलाखतीत साहेबांनी इंग्रजी विचारलं. बिग, लार्ज, ग्रेट. फरक सांग. मी सांगितला. बिग, लार्ज आकाराला. ग्रेट थोरपणाला.

"वाक्य कर."

"माय मदर इज अ ग्रेट वुमन."

बाजूचे दोन कारकून फिसकन हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी घंटी वाजवली.

आई दारात उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर फरशीवर. तिची उंची दाराच्या कडीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

"ही ग्रेट?" साहेब म्हणाले. "ही तर स्मॉल. म्हण, माय मदर इज अ स्मॉल वुमन. तिच्याकडे बघून म्हण. आणि उद्यापासून कामावर ये."

व्याकरणात वाक्य बरोबर होतं. चूक काढायला जागा नव्हती. खरं सांगतो, 'माय मदर' एवढं मी बोललोही.

आईला इंग्रजी येत नव्हतं. पण कळलं.

"म्हन ना रं," ती पुटपुटली. "साहेब म्हनतात तं म्हन. माज्या अंगाला काय भोकं पडनारेत?"

किती सवयीनं बोलली ती. अर्धं वाक्य मी तिथंच सोडलं.

"वाक्य बरोबर आहे, साहेब. पण मी म्हणणार नाही."

जागा गेली. आठवड्यात आईचंही काम गेलं. बहीण भट्टीवर गेली. आई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तुजा सबूद मोटा झाला. पोरीचं डोकं बारकं, त्यावर इटा."

 

उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका सिंधी शेठच्या दुकानात कापडाचे गठ्ठे उचलायला लागलो. पहिला पगार झाला त्या दिवशी बहिणीला भट्टीवरून उठवून आणलं. शाळेत बसायला लाजत होती. हाताला धरून बसवली. इंग्रजी मीच शिकवतो.

ती मॅट्रिक होईल. मग त्याच कारखान्यात, त्याच जागेसाठी तिचा अर्ज जाईल. हाकलतील. पुन्हा अर्ज जाईल.