आलिंग चोलेंगचे ट्रे हलवू नका

आमच्या गल्लीत कुणाला शिंक आली, की तो आधी आलिंग चोलेंगच्या, म्हणजे चोलेंगमावशीच्या, घराकडे बघायचा आणि मग शिंकायचं की गिळायचं ते ठरवायचा. मी तीनचाकी चालवतो. तिच्या कुंपणापासून बरंच अलीकडे इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायची, हा नियम मला कुणी लेखी दिलेला नव्हता. मागे बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा मुकाट उतरून ढकलू लागायची आणि भाडं पूर्ण द्यायची. शहरातून आलेल्या एका पाहुण्याने हुज्जत घातली, तेव्हा त्याच्याच मावशीने त्याचं तोंड दाबून धरलं होतं.

कारण चोलेंग नाता करायची, म्हणजे नारळपाण्याची चिवट जेली. नारळाच्या पाण्यात साखर, थोडा आंबटपणा आणि आधीच्या घाण्यातलं विरजण घालून ते पसरट ट्रेमध्ये ओतायचं, वर वर्तमानपत्र झाकायचं आणि तिथून निघून जायचं. पाण्यावर साय धरते, ती जाड होत जाते आणि शेवटी बोटभर जाडीची पांढरी लादी होते. तुकडे करून पाकात टाकली की सगळा देश ती चावत बसतो. हे आमच्याकडे घरोघरी जमतं. पण ट्रेला धक्का लागला की धरलेली साय खाली बसते, वर नवी धरते आणि लादीत थर पडतात. खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. चोलेंगला वाटायचं. तिची लादी काचेसारखी एकसंध निघायची आणि त्यासाठी तिने अख्खी गल्ली मुकी केली होती.

आता देवाची थट्टा बघा. या बाईचा नवरा कोण, तर तिबो मारालित, आमच्या बारांगायमधला, म्हणजे वस्तीतला, सगळ्यात मोठा आवाज. तिबो हसला की पलीकडच्या बागेतले कोंबडे उत्तर द्यायचे. घर खांबांवरचं, वरची जमीन बांबूची आणि बरोबर तिच्याखाली ट्रेंची खोली. तिबो स्वतःच्या घरात चोरासारखा चवड्यांवर चालायचा. शिंकायला माझ्याकडे यायचा. गायला नदीवर जायचा. बायकोशी भांडायचं झालं तर दोघं कुजबुजत भांडायची आणि मी मध्ये पडायला गेलो की दोघं मिळून मलाच "शूऽऽ" करायची.

"पारे," तो मला दोस्तीने म्हणायचा, "माझं लग्न झालं तेव्हा मला वाटलं बायको मिळाली. नंतर कळलं, मी देवळात राहायला आलोय."

पूर्वी तिच्या लाद्या एक जपानी कंपनी न्यायची. त्या वाळवून, पापडासारख्या पातळ करून कानाला लावायच्या स्पीकरमध्ये बसवायची. हे कळलं त्या दिवशी तिबो माझ्या ओट्यावर गडागडा लोळला. "म्हणजे मी गप्प बसायचं, आणि त्यातून जपान्यांनी गाणी ऐकायची?" पुढे ती कंपनी यायची बंद झाली. मग मनिलाच्या बायका चेहऱ्यावर थापतात त्या ओल्या पट्ट्यांसाठी एकजण न्यायचा, तोही गेला. चोलेंग पाकातल्या तुकड्यांवर आली. हात मात्र तसाच राहिला.

गेल्या वर्षी क्लारिसा नावाची मुलगी आली. भाजलेल्या जखमांवर लावायच्या पट्ट्या करणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. तिने लादी उजेडात धरली, वाकवली आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग तिने आम्हाला समजावलं, की झाडाच्या खोडात असतो तोच पदार्थ इथे जंतू विणतात, आणि त्याचे धागे केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक असतात. नॅनो. त्यामुळे ही पट्टी जखमेला चिकटत नाही, काढताना कातडी सोलत नाही आणि ओल धरून ठेवते.

"नॅनो म्हणजे किती बारीक, मॅम?" तिबोने विचारलं.

"डोळ्यांना दिसणार नाही इतकं."

"हां, म्हणजे आमच्या कप्तानाच्या अकलेइतकं."

बारांगायचा कप्तान, म्हणजे आमचा सरपंच, शेजारीच उभा होता. तोही हसला, पण चोलेंगने बोट ओठांवर ठेवल्यामुळे त्याला तोंडात मूठ घालून हसावं लागलं.

कंपनीला कायमचा पुरवठा हवा होता. एकीकडे शहरातला यंत्रांचा मोठा कारखाना, दुसरीकडे चोलेंग. क्लारिसाने साहेबांशी भांडून एक शेवटची संधी मिळवली. एक पूर्ण घाणा, सगळ्या लाद्या बिनथराच्या. त्या उतरल्या तर पुढचं सगळं काम चोलेंगचं. चोलेंगला याची किती आस होती ते मी पाहिलंय. म्हणायची, "आयुष्यभर लोकांनी माझी वस्तू चावली आणि गिळली. एकदा तरी ती कुणाचं दुखणं थांबवायला जाऊ दे."

तिने घाणा लावला, आणि तिबोच्या छातीने त्याच आठवड्यात दगा दिला. खोकला जुनाच होता, आता त्याने ताबा घेतला. डॉक्टरने मान हलवून घरी पाठवलं. मी म्हटलं, "माझ्याकडे चल. तिथे हवं तेवढं खोक."

"नको पारे," तो म्हणाला. "तुझ्या घरात मेलो तर तुझी बायको भाडं मागेल."

तो वरच राहिला, ट्रेंच्या बरोबर डोक्यावर. आम्ही खाली अंगणात बसायचो. वरून काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आम्हाला वाटलं, खोकला उतरला. तो एका सकाळी गेला तेव्हाही खाली कुणाला कळलं नाही.

आता आमच्याकडचं मयत म्हणजे कसं असतं? प्रेत काही दिवस घरातच, दिवे लावलेले, पत्त्यांचे डाव, दारू, गाणी, मेलेल्याच्या फजितीच्या गोष्टी. त्याला एकटं वाटू नये म्हणून गोंगाट करायचा. आणि तिबोने तर सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "माझ्या मयताला कराओके दोन आणा. एक बंद पडला तर दुसरा."

एकही कराओके आला नाही. कुणी कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांना आपोआप समजलं. अनवाणी पायांनी, भिंतीला धरून माणसं वर चढत होती. प्रार्थना म्हणणारी मनांग उदेंग माळ इतक्या हळू जपत होती, की देवाला वाकून ऐकावं लागलं असेल. पत्त्यांच्या टेबलावर दुहेरी टॉवेल घातला होता. कप्तानाला पत्ता लपवताना पकडलं, तेव्हा चौघेजण गळ्याच्या शिरा फुगवून कुजबुजत किंचाळले, "चोर! चोर!" कप्तानानेही कुजबुजत शपथ घेतली. एरवी मी हसून मेलो असतो. शवपेटीत तिबो पडला होता. जन्मात पहिल्यांदाच तो आमच्याइतका गप्प होता आणि मला ते बघवत नव्हतं.

चोलेंग प्रत्येकाचे हात धरून "देव भलं करो" म्हणत होती. डोळ्यांत थेंब नाही. अधूनमधून खाली जायची, वर्तमानपत्र न उचलता नुसती बघून यायची. लाद्या वाढत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटीत तिबोच्या डोक्याखाली त्याचीच उशी ठेवावी म्हणून ती आतल्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी डोकावलो. ती पलंगावर बसली होती, उशी मांडीवर. उशीचा एक कोपरा चघळून चिंध्या झालेला. दातांचे ठसे, त्यांवर रक्ताचे वाळके डाग, आत कापूस गोळा होऊन दगडासारखा.

"खोकला उतरला नव्हता," ती म्हणाली.



ती बाहेर आली. पेटीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "कराओके आणा."

कुणी हललं नाही.

"कप्तान, तुमच्याकडे आहे ना? जा, आणा. आणि गा. मोठ्याने गा."

"पण आलिंग चोलेंग, खाली ट्रे..." मनांग उदेंग कुजबुजली.

"मी सांगतेय ना!"

यंत्र आलं. माईक कप्तानाच्या हातात दिला. पडद्यावर अक्षरं पुढे सरकत होती, कप्तानाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज फुटत नव्हता. मग माईक माझ्याकडे आला. बाजारात मी कांद्याच्या भावावरून छप्पर उडवतो, पण त्या घरात माझ्या गळ्यातून निघाली ती मांजरीची कुरकुर. इतक्या वर्षांची सवय! सगळे एकमेकांकडे बघत होते, रडकुंडीला आलेले. तिबोसाठी ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं.

चोलेंगने माझ्या हातातून माईक घेतला. त्या बाईला गाताना कुणीच ऐकलं नव्हतं, आणि ते आमचं भाग्यच होतं म्हणायचं. सूर नाही, ताल नाही, गळा गंजलेल्या कडीसारखा. पण ती पोटातून ओरडली. बांबू थरथरले. दुसऱ्या ओळीला मनांग उदेंग रडत उठली, मग कप्तान, मग सगळेच. कुणी पाय आपटायला लागलं, कुणी भिंत बडवायला. कोंबडे ओरडले. खाली ट्रेंमधलं पाणी डुचमळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तिलाही आला असणार. तिने आवाज आणखी चढवला.

तिबोला पुरेपर्यंत ते घर थांबलं नाही.

मयतानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपत आल्या, तेव्हा क्लारिसा लाद्या न्यायला आली. पहिलीच उचलली, कडेवर अंगठा फिरवला, आणि लादी वहीच्या पानांसारखी उलगडली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. पोरीने ती परत ट्रेमध्ये ठेवली.

"आलिंग, मी आता त्यांना काय सांगू? ते कारखान्याला काम देतील."

"देऊ दे," चोलेंग म्हणाली. "चूक तुझी नाही, त्यांचीही नाही. असली वस्तू मीसुद्धा कुणाच्या जखमेवर लावली नसती."

मग तिने एक लादी घेतली आणि वरचे पातळ, फाटके थर एकेक करून सोलून काढले. ते मयतातल्या गोंगाटाचे. सगळ्यात खाली एक थर उरला, तिबो जिवंत होता तेव्हा धरलेला. तो तिने तळहातांवर घेऊन क्लारिसापुढे धरला.

"तुझे डोळे तरुण आहेत. उजेडात बघ. कुठे सुरकुती, कुठे रेघ दिसते का? तो वर पडून सारखा खोकत होता गं. एखादा तरी खोकला निसटला असेल."

क्लारिसाने तो थर खिडकीशी नेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला. तिला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही, आलिंग," ती म्हणाली. "कुठेच काही नाही."